कर्जात बुडालेला मठ आणि गप्प राहणारा माणूस: बरी सेंट एडमंड्स, ११८२

नोव्हेंबर ११८० मध्ये इंग्लंडच्या सफोक परगण्यातल्या बरी सेंट एडमंड्स इथल्या बेनेडिक्टाइन मठाचा अधिपती ह्यू वारला. सप्टेंबरात तो कँटरबरीला, तिथल्या खून झालेल्या आर्चबिशप टॉमस बेकेटच्या समाधीच्या दर्शनाला निघाला होता. वाटेत घोड्यावरून पडला, गुडघ्याची वाटी सरकली आणि त्या दुखण्यातून तो उठलाच नाही. त्याच्यामागे राहिलेला मठ कागदावर गडगंज होता. पश्चिम सफोकमधल्या साडेआठ ‘हंड्रेड’ म्हणजे तालुकेवजा विभागांवर मठाधिपतीचा अंमल चाले. नवव्या शतकात डेन लोकांनी मारलेला राजा एडमंड इथे संत म्हणून पुजला जाई आणि त्याच्या समाधीवर दानाचा ओघ कायम असे. तरीही रोख रक्कम म्हणाल तर मठ पार खंक झाला होता.

पंधरा महिने मठाधिपतीची गादी रिकामी राहिली. फेब्रुवारी ११८२ मध्ये ती ज्याला मिळाली तो सॅमसन तेव्हा उपसॅक्रिस्ट, म्हणजे चर्चची इमारत, मेणबत्त्या, वस्त्रे आणि समाधीवरचे दान सांभाळणाऱ्या कारभाऱ्याचा दुय्यम होता. त्याच्यापेक्षा मानाने मोठे बरेच जण होते. मग माळ त्याच्याच गळ्यात का पडली, आणि गादीवर बसताच मठाचे पैसे कुठे झिरपतात हे त्याला इतके अचूक कसे ठाऊक होते, हे या प्रकरणात पाहायचे आहे.

बहुतेक तपशील एकाच माणसाकडून आलेला आहे. जोसेलिन ऑफ ब्रेकलंड ११७३ मध्ये या मठात नवदीक्षित म्हणून आला, तेव्हा सॅमसन त्याचा शिक्षक होता. सॅमसन मठाधिपती झाल्यावर जोसेलिन सहा वर्षे रात्रंदिवस त्याच्याजवळ धर्मसेवक म्हणून राहिला. त्याच्या वृत्तांतात प्रेम आहे आणि पुढेपुढे चीडही आहे. आकडे, नावे आणि कोण काय बोलले हे त्याने ज्या बारकाईने टिपले, तसे त्या शतकातल्या मठाच्या आतल्या व्यवहाराबद्दल क्वचितच सापडते. मात्र साक्षीदार आतला आहे, सॅमसनच्या गोटातला आहे, हे वाचताना विसरू नये.

टॉटिंग्टन ते पॅरिस

सॅमसन ११३५ मध्ये नॉरफोकमधल्या टॉटिंग्टन गावी जन्मला. नऊ वर्षांचा असताना त्याला स्वप्न पडले: एका मोठ्या दाराशी सैतान हात पसरून उभा आहे आणि आपल्याला धरू पाहतो आहे. ‘संत एडमंड, वाचवा!’ असे ओरडत तो जागा झाला. हे नाव त्याने तोवर ऐकलेही नव्हते, असे तो पुढे सांगे. घाबरलेली आई त्याला बरीला दर्शनाला घेऊन गेली. मठाच्या दफनभूमीचे दार दिसताच पोरगा म्हणाला, ‘आई, मी पाहिलेली जागा हीच.’ स्वप्नावर विश्वास ठेवायचा की नाही ते ज्याचे त्याने ठरवावे. पण मुलगा त्या वेळी मठात राहिला नाही, ही गोष्ट महत्त्वाची आहे. त्या काळी आईबाप लहान मुले मठाला वाहून टाकत आणि ती मुले मठाबाहेरचे जग न बघताच म्हातारी होत. सॅमसन एकतीस वर्षांचा होईपर्यंत बाहेर होता.

घरची गरिबी होती. डिस गावच्या शाळेत विल्यम नावाच्या गुरुजींनी त्याला निव्वळ दयेपोटी फुकट बसवून घेतले. पुढे तो पॅरिसला शिकायला गेला. तिथला त्याचा खर्च एका धर्मसेवकाने पवित्र पाण्याच्या कमाईतून चालवला, म्हणजे घरोघर ते पाणी शिंपडून मिळणाऱ्या पैशांतून. गादीवर आल्यावर सॅमसनने या दोघांचेही उपकार फेडले. गुरुजींच्या मुलाला चेव्हिंग्टनचे चर्च दिले आणि त्या धर्मसेवकाला अन्नवस्त्राची ददात पडणार नाही इतके उत्पन्न लावून दिले. नातेवाईक मात्र घोळक्याने नोकऱ्या मागायला आले, तेव्हा त्याने जवळपास सगळ्यांना वाटेला लावले. कायदा जाणणारा आणि बोलण्यात तरबेज असा एक सरदार तेवढा वर्षभर ठेवून घेतला, तोही कामाचा म्हणून.

वर्षाला पाच-सहा मार्कांचे उत्पन्न असते आणि विद्यापीठात टिकून राहता आले असते, तर मी मठवासीही झालो नसतो आणि मठाधिपतीही, असे त्याने जोसेलिनला एकदा मोकळेपणाने सांगितले. मठाधिपती होण्यापेक्षा ग्रंथांच्या कपाटाची किल्ली सांभाळायला आपल्याला आवडले असते, असेही तो म्हणे. हे बोलणे खरे वाटते, कारण ते त्याने ऐन सत्तेत असताना आणि एकांतात बोलून दाखवले आहे.

रोमची वारी

पॅरिसहून परतल्यावर तो बरीला शाळामास्तर झाला. त्या सुमारास मठवासीयांना वुलपिट गावच्या चर्चचे उत्पन्न हवे होते आणि त्यासाठी पोपचे पत्र लागणार होते. सॅमसन अजून मठात दाखल झालेला नव्हता, तरी त्याला रोमला धाडले.

वेळ वाईट होती. ११५९ पासून एकाच वेळी दोन पोप होते: तिसरा अलेक्झांडर, आणि जर्मन सम्राटाच्या पाठिंब्यावर उभा असलेला ऑक्टेव्हियन. अलेक्झांडरची पत्रे घेऊन जाणारा धर्मसेवक इटलीत सापडला, तर कोणी तुरुंगात जाई, कोणी फासावर, आणि कोणाला नाक-ओठ कापून पोपकडे परत पाठवत. सॅमसनने स्कॉटलंडच्या माणसाचे सोंग घेतले. फाटके कपडे घातले, जुने जोडे खांद्यावर टाकले, आणि कोणी टवाळी केली की स्कॉट लोक भाला परजतात तशी काठी परजायची. कोण आहेस असे विचारले तर एकच उत्तर: ‘राइड, राइड रोम, टर्न कँटवेरबेरी.’ म्हणजे रोमला चाललोय, कँटरबरीला परतेन. पुढचे त्यांचे त्यांनी समजून घ्यावे.

पत्र मिळाले. परतताना एका किल्ल्याच्या शिपायांनी हेर म्हणून त्याला धरले आणि चिंध्या, बूट, विजार, खांद्यावरचे जोडे, सगळे चाचपायला सुरुवात केली. पत्र कमरेच्या पिशवीत होते, पाणी प्यायच्या छोट्या पेल्याखाली. त्याने पिशवीत हात घालून पेला आणि पत्र एकदमच बाहेर काढले आणि पेल्याच्या बुडाशी पत्र दाबून धरत हात उंच केला. शिपायांना पेला दिसला, पत्र दिसले नाही. पैसे मात्र त्यांनी सगळे काढून घेतले आणि इंग्लंडपर्यंत त्याला दारोदार भीक मागत यावे लागले.

घरी आला तर वुलपिट आधीच राजा दुसऱ्या हेन्रीच्या मर्जीतल्या जेफ्री रिडेलला देऊन झाले होते. मठाधिपती आपल्याला कोंडेल या भीतीने तो संताच्या समाधीखाली जाऊन बसला. एकही मठवासी त्याच्याशी बोलायला धजेना; बाहेरचे लोक चोरून जेवण आणत. अखेर त्याला नॉरफोकमधल्या कॅसल एकरला हद्दपार करण्यात आले. ज्यांच्या कामासाठी जीव धोक्यात घातला, त्यांच्यातले कोणीच पाठीशी उभे राहिले नाही, ही गोष्ट त्याने जन्मभर लक्षात ठेवली. बऱ्याच वर्षांनी वुलपिट पुन्हा मोकळे झाले, तेव्हा मठाधिपती सॅमसनने तिथले दहा मार्क वार्षिक उत्पन्न मठवासीयांना मिळवून दिले आणि ही सगळी हकिकत त्यांना तोंडावर सांगितली.

एका खात्यातून दुसऱ्या खात्यात

११६६ च्या सुमारास सॅमसनने मठाची दीक्षा घेतली. मठजीवनाचे नियम घालून देणाऱ्या संत बेनेडिक्टच्या नियमानुसार मठवासीला स्वतःचे असे काही नसते, लेखणीसुद्धा नाही. पण बाराव्या शतकातला मोठा मठ हा प्रत्यक्षात अनेक स्वतंत्र खात्यांचा संसार होता. कोठारी धान्य, दारू आणि पाहुण्यांचे बघे, सॅक्रिस्ट चर्चचे, चेंबरलेन कपड्यालत्त्याचे, पिटन्सर सणावारी मिळणाऱ्या जादा पदार्थांचे. प्रत्येक खात्याला गावे आणि खंड नेमून दिलेले, आणि प्रत्येकाचा हिशोब वेगळा. त्यातच मठाधिपतीची मिळकत एकीकडे आणि मठवासीयांची मिळकत दुसरीकडे, अशी मोठी फाळणी होती. तिच्यामागे कारण होते. मठाधिपती वारला की त्याच्या वाट्याचे उत्पन्न नवा येईपर्यंत राजाकडे जाई. मठवासीयांचा वाटा वेगळा ठेवला तर तो वाचे. ही तजवीज शहाणपणाची होती, पण तिच्यामुळे एका खात्याने काय करून ठेवले ते दुसऱ्याला कळेनासे झाले.

सॅमसनला उपसॅक्रिस्ट करण्यात आले, मग पाहुण्यांचा अधिकारी, मग पिटन्सर, मग तिसरा प्रायर (प्रायर म्हणजे मठाधिपतीच्या खालोखालचा प्रमुख, आणि त्याच्या हाताखाली दुय्यम प्रायर), मग पुन्हा उपसॅक्रिस्ट. नवदीक्षितांचा शिक्षक तो होताच, पुढे बांधकामावरचा मुकादमही झाला. ही बढतीची शिडी नव्हती. म्हाताऱ्या ह्यूची नजर अधू झाली होती आणि भोवती हांजी हांजी करणारे जमले होते. पद देऊन सॅमसनला मऊ करावे हा त्याचा हिशोब, आणि विरोधकांनी कागाळी केली की त्याला तिथून हलवायचे. मला वाकवता आला नाही असा एकच माणूस भेटला, तो म्हणजे उपसॅक्रिस्ट सॅमसन, अशी कबुली ह्यूने स्वतः दिली होती. या हलवाहलवीचा परिणाम मात्र कोणाच्या ध्यानात आला नाही: मठातल्या अनेक खात्यांची आतली बाजू पाहिलेला माणूस त्यातून घडत होता.

आपला शिक्षक अन्यायावर तोंड का उघडत नाही, असे तरुण जोसेलिनने त्याला विचारले. उत्तराचा आशय आपल्या म्हणीत चपखल बसतो: दुधाने तोंड पोळले की माणूस ताकही फुंकून पितो. त्याने पदावरून काढलेल्यांची आणि हद्दपारीहून नुकत्याच परतलेल्यांची नावे घेतली. मठाच्या हितासाठी मठाधिपतीच्या विरोधात बोललो म्हणून मलाही कोंडले होते आणि मग कॅसल एकरला धाडले होते, असे सांगितले. सध्या अंधाराची घटका आहे, म्हणाला, खुशमस्कऱ्यांचे राज्य आहे.

चाळीस मार्कांचे बाराशे पौंड

आता कर्जाकडे वळू. एक शिलिंग म्हणजे १२ पेनी, एक पौंड म्हणजे २४० पेनी आणि एक मार्क म्हणजे १६० पेनी, पौंडाचा दोन तृतीयांश. मार्काचे नाणे नव्हते, ते नुसते हिशोबाचे माप होते.

मठाची एक इमारत मोडकळीला आली. ती दुरुस्त करायला सॅक्रिस्टने नॉरिचच्या बेनेडिक्ट या ज्यू सावकाराकडून ४० मार्क व्याजाने घेतले, म्हणजे २६ पौंड १३ शिलिंग ४ पेनी. कर्जखतावर शिक्का मारला तो संताच्या समाधीपाशी टांगलेला, एरवी भक्तमंडळांच्या पत्रांवर मारायचा. मठाधिपतीला पत्ता नाही, मठवासीयांच्या सभेला पत्ता नाही. कर्ज १०० पौंडांवर गेले तेव्हा सावकार राजाचे पत्र घेऊन दारात उभा राहिला आणि प्रकरण उघड झाले.

इथे ते थांबवता आले असते. ह्यू संतापला, सॅक्रिस्टला काढून टाकायला निघाला. तेवढ्यात कोणीतरी त्याचे मन वळवले, आणि झाले ते असे: जुने १०० पौंड, अधिक आता मठाधिपतीच्याच खर्चासाठी घेतलेले नवे १००, मिळून चार वर्षांनी ४०० पौंड फेडण्याचे नवे खत. फेडीची जबाबदारी सॅक्रिस्टने भर सभेत घेतली. खतावर मठवासीयांचा शिक्का उमटला. ह्यूने स्वतःचा शिक्का मारला नाही, जणू या कर्जाशी आपला संबंधच नाही. चार वर्षे सरली, फेडायला दमडी नाही. मग तिसरे खत ८८० पौंडांचे, वर्षाला ८० पौंडांच्या हप्त्याने. त्याच सावकाराची बारीकसारीक खते वेगळीच होती, एक तर चौदा वर्षे जुने. सगळे मिळून १,२०० पौंड, आणि वर चढत राहिलेले व्याज.

व्याजदर जड होता, यात शंका नाही. तरी मठ बुडाला तो मुख्यतः खते बदलत गेल्याने. प्रत्येक नव्या खतात मागचे व्याज मुद्दलात जाऊन बसे, आणि मूळ इमारतीला किती लागले ते शोधणे अशक्य होई. शिक्के ढीगभर, त्यामुळे मठाच्या नावाने कर्ज काढायला कोणाची परवानगी लागत नसे. सॅक्रिस्टने घेतलेले पैसे मठाधिपती उधळी आणि शिक्का मठवासीयांचा पडे. जबाबदारी नेमकी कोणाची, हे सांगणारा माणूसच नव्हता. दोष ज्यू सावकारांवर टाकायची सवय त्या मठालाही होती, म्हणून हेही सांगायला हवे की विल्यम फिट्झइझाबेल या ख्रिस्ती माणसाचे १,०४० पौंडांचे खत तिथेच होते, आणि ते कशासाठी काढले हे जोसेलिनला कधीच कळले नाही. युद्धाच्या दिवसांत ज्यू कुटुंबांची बायकापोरे मठाच्याच आवारात आसरा घेऊन राहिली होती आणि त्यांचा पैसा मठाच्या खजिन्यात ठेवलेला असे. व्यवहार दोन्ही बाजूंच्या गरजेचा होता.

रिकामी गादी

ह्यूच्या मृत्यूनंतर राजाने नेमलेले दोन रखवालदार मठाधिपतीच्या वाट्यावर बसले. या काळात सॅमसनने पश्चिमेकडच्या मोठ्या मनोऱ्यासाठी दगड आणि वाळू जमवायचा सपाटा लावला, गायनस्थळाची भिंत पुरी केली आणि तिच्यावरच्या चित्रांसाठी स्वतः पद्ये रचली. पैसा कुठून येतो असे विचारले की तो सांगे, गावकरी गुपचूप देतात. सॅक्रिस्ट आणि समाधीचा राखणदार यांनी रखवालदारांकडे तक्रार केली की हा समाधीवरच्या दानातला पैसा वळवतो. काम थांबवण्याचा हुकूम आला. तक्रारीत तथ्य किती होते हे जोसेलिनच्या एकतर्फी सांगण्यावरून ठरवू नये.

नवा मठाधिपती कोण यावर कुजबुज चाले ती रक्त काढण्याच्या दिवसांत. प्रकृतीसाठी मठवासीयांचे ठरावीक काळाने रक्त काढत; मग काही दिवस विश्रांती आणि बोलायची मोकळीक. एरवी मौन पाळणारी माणसे तेव्हा मनातले बोलून टाकत. एकाने सॅमसनचे नाव सुचवले: विद्वान आहे, शिस्तीचा आहे, मठासाठी सोसले आहे. दुसऱ्याने प्रार्थनेच्या चालीवर उत्तर दिले: ‘नॉरफोकच्या भांडकुदळांपासून, हे प्रभो, आम्हाला सोडव.’ सॅमसन ऐके, हसे आणि काही बोलत नसे. वीस वर्षांनी मात्र तो कोणाचे वाक्य जसेच्या तसे परत ऐकवी.

वॉल्थमची निवड

फेब्रुवारी ११८२ मध्ये राजाचा हुकूम आला: प्रायर आणि बारा मठवासीयांनी ईस्टरआधीच्या उपवासकाळाच्या दुसऱ्या रविवारी, २१ फेब्रुवारीला, वॉल्थमला हजर व्हावे. प्रायरने गायनस्थळाच्या उजव्या बाजूचे सहा आणि डाव्या बाजूचे सहा निवडले. त्यात सॅमसन होता.

मग प्रश्न पुढे आला: राजाने मोकळी निवड दिलीच नाही तर? आपली पसंती त्याच्यापुढे उघडी पडेल आणि मठातही फूट पडेल. तोड सॅमसनने सुचवली. सभेने सहा विश्वासू माणसे निवडावी. त्यांनी शपथ घेऊन मठातली तीन योग्य नावे ठरवावी, कागदावर लिहून मोहोरबंद करावी. राजाने मोकळी निवड दिली तरच मोहोर फोडायची. नाही दिली, तर पाकीट न फोडता परत आणायचे आणि नावे कधीच कोणाला कळू द्यायची नाहीत. ही युक्ती साधी आहे आणि फार हुशारीची आहे. निवड झाली तीही मोठ्या पदाधिकाऱ्यांच्या देखत नाही, आणि हरलेल्याला आपण हरलो हे कळायची गरजही उरली नाही.

प्रवासाचे एक दृश्य जोसेलिनने टिपले आहे. सगळे पुढे निघून गेले आणि वाटखर्च सांभाळणारा सॅमसन शेवटी, बरोबर नोकर नाही, मठाची पत्रे असलेली पेटी गळ्यात अडकवलेली, झग्याचा घोळ दोन्ही हातांत गोळा करून, चिखलातून त्यांच्या मागोमाग चाललेला.

राजाने तीन नावे मागितली. मोहोर फोडली तर आत उपसॅक्रिस्ट सॅमसन, कोठारी रॉजर, तिसरा प्रायर ह्यू अशी नावे, याच क्रमाने. वरच्या पदावरची मंडळी लाजेने लाल झाली. शपथेमुळे नावे बदलता येत नव्हती, म्हणून त्यांनी क्रम बदलून वाचले: ह्यू पहिला, रॉजर दुसरा, सॅमसन शेवटी. राजा म्हणाला, यांना मी ओळखत नाही, आणखी तीन द्या. सॅक्रिस्टने प्रायरचे नाव घेतले, प्रायरने सॅक्रिस्टचे, तिसरे आले डेनिस या मठवासीचे. मग राजाने दुसऱ्या मठांतली तीन मागितली, तीही दिली. नऊ झाले. आता वगळायची पाळी. परके तिघे आधी गेले, सॅक्रिस्टने स्वतःचे नाव मागे घेतले, आणि गाळत गाळत दोघे उरले: प्रायर आणि सॅमसन.

डेनिस बोलायला उभा राहिला. दोघेही विद्वान, दोघेही चांगले, असे गोलगोल बोलता बोलता तो पुन्हा पुन्हा सॅमसनकडे वळे. विंचेस्टरच्या बिशपने गाठ सोडवली: तुम्हाला प्रायर जरा ढिला वाटतो, सॅमसन हवा आहे, दोन चांगल्यांतला अधिक चांगला घ्या, उघड सांगा. बहुतेकांनी सॅमसन हवा म्हणून सांगितले, विरोध कोणी केला नाही. राजा म्हणाला, प्रायरला मी ओळखतो, त्याला दिले असते तर घेतला असता. पण तुमच्या मनासारखे होऊ द्या. जपून राहा, देवाच्या डोळ्यांची शपथ, वाईट केलेत तर तुमच्याशी गाठ माझी आहे. सॅमसनने राजाचे पाय चुंबले, झटकन उठला आणि ताठ मानेने, चेहऱ्यावरची रेषही न हलवता, भजन म्हणत वेदीकडे चालू लागला. राजा शेजारच्यांना म्हणाला, या निवडलेल्याला मठ राखायला आपण लायक आहोत असे वाटते हो!

तेव्हा त्याचे वय सत्तेचाळीस. लालसर दाढीत थोडे पांढरे, काळ्या कुरळ्या केसांत त्याहून कमी. चौदा वर्षांत सगळे केस बर्फासारखे झाले.

पहिले वर्ष

२८ फेब्रुवारीला अभिषेक झाला आणि २१ मार्चला, ईस्टरच्या आदल्या म्हणजे झावळ्यांच्या रविवारी, तो अनवाणी मठात शिरला. मागोमाग सावकारांची झुंबड उडाली. त्याने पहिल्यांदा काय केले? मठातले सगळे शिक्के गोळा केले. ते भरले तेहतीस. कोणत्याही अधिकाऱ्याने प्रायर आणि सभेच्या संमतीवाचून वीस शिलिंगांवर कर्ज काढायचे नाही, असा नियम घातला. ४० मार्कांचे खत कोणत्या शिक्क्याने फुटले हे त्याच खात्यात वावरलेला माणूस जाणत होता. म्हणून त्याने हात घातला तो थेट शिक्क्यांना.

सॅक्रिस्टला काढून टाकले. तो जिथे बसून पीत असे ती दफनभूमीतली घरे जमीनदोस्त केली. वर्षाच्या आत तिथे घेवडा उगवला आणि दारूची पिंपे असत तिथे खाज आणणारी झुडपे माजली. या बडतर्फीवर पुढे कुरकुर झाली, तेव्हा सॅमसनने भर सभेत रद्द केलेल्या खतांनी भरलेली मोठी पिशवी आणून ठेवली. शिक्के अजून लोंबत होते: काही ह्यूचे, काही प्रायरचे, काही सॅक्रिस्टचे, काही चेंबरलेनचे. नुसते मुद्दल ३,०५२ पौंड आणि एक मार्क. व्याज किती ते कोणालाच सांगता येणार नव्हते. रेशमी झगे, चांदीची धूपपात्रे, सोन्याने मढवलेला शुभवर्तमानाचा ग्रंथ, सगळे सभेच्या नकळत गहाण पडले होते. तेही त्याने सोडवून आणले. निवडीपासून वर्षाच्या आत त्याने प्रत्येक सावकाराशी तडजोड केली आणि बारा वर्षांत पुरी फेड केली.

पैसा आला कुठून? तर बऱ्याच अंशी बुडत असलेल्या येण्यातून. प्रत्येक हंड्रेडमध्ये जमिनीचा कर किती, चाऱ्याचे धान्य किती, कोंबड्या किती, कोण देणे लागतो, हे त्याने लिहून काढायला लावले. जमिनीचे धनी ही देणी वर्षानुवर्षे दडवत आले होते. चार वर्षांत अशी वही तयार झाली की एका पेनीलाही त्याला कोणी फसवू शकेना. ती वही तो रोज उघडून बघे, आरशात तोंड बघावे तशी.

निवडीनंतर सात महिन्यांतच पोपने त्याला आपल्या वतीने खटले चालवायला नेमले. शास्त्रे येत होती, कायद्याची सवय नव्हती. म्हणून त्याने दोन कायदेपंडित कारकून जवळ ठेवले आणि धर्मकायद्याचे ग्रंथ फावल्या वेळात स्वतः वाचून काढले. राजाचा फिरता न्यायाधीश म्हणूनही त्याने काम पाहिले. लॅटिन आणि फ्रेंच येत असूनही तो लोकांना इंग्रजीत उपदेश करी, तोही नॉरफोकच्या बोलीत. गावात दगडी घरे विकत घेऊन त्याने शाळेला दिली, त्यामुळे गरीब विद्यार्थ्यांना वर्षातून दोनदा द्यावे लागणारे पेनी-अर्धा पेनीचे भाडे सुटले.

कुठे बिघडले

त्याच माणसाच्या हातून घडलेली सर्वांत वाईट गोष्ट ११९० सालची. त्या वर्षीच्या झावळ्यांच्या रविवारी, १८ मार्चला, बरीमध्ये ५७ ज्यूंची कत्तल झाली. सॅमसनने वाचलेल्यांना गावातून घालवायची परवानगी नवा राजा पहिला रिचर्ड याच्याकडून मिळवली. गावातले सगळे संत एडमंडच्या अंमलाखाली असले पाहिजेत आणि ज्यू तर थेट राजाच्या अंमलाखाली आहेत, हा त्याचा कायदेशीर मुद्दा. जोसेलिन ही हकालपट्टी मोठेपणाची खूण म्हणून लिहितो. कत्तलीतून वाचलेल्यांना सशस्त्र पहाऱ्यात गावाबाहेर काढणे हा क्रूरपणा होता. पंधरावीस वर्षांपूर्वी त्याच लोकांची मुले मठात आसऱ्याला होती, हे सॅमसनला नक्की माहीत होते.

मठाच्या आतही शिक्क्यांच्या नियमाने सगळे सुटले नाही. कोठाराचे खाते पुन्हा तोट्यात गेले, तेव्हा सॅमसनने आपला एक कारकून कोठाऱ्याच्या डोक्यावर बसवला. त्याच्या नकळत काही करायचे नाही. हिशोब जुळले, पण मठवासी दुखावले. त्यांचा वाटा वेगळा ठेवण्याची सगळी मेहनत होती ती मठाधिपतीचा हात त्यात पडू नये म्हणून, आणि पडला तो मठाधिपतीचाच हात. ह्यूच्या काळात सॅमसनचा आदर करणारा जोसेलिन या भागात त्याच्यावर उघड नाराज आहे. खात्यांची फाळणी राखायची की त्यातली गळती थांबवायची, या दोन्ही गोष्टी एकदम त्याला साधल्या नाहीत.

३० डिसेंबर १२११ ला सॅमसन वारला. राजा जॉन आणि पोप यांच्या भांडणामुळे इंग्लंडभर धर्मविधींवर बंदी होती, त्यामुळे त्याला अभिमंत्रित नसलेल्या जागेत मूठमाती मिळाली. बंदी उठल्यावर १२१४ मध्ये मठवासीयांनी त्याच्या अस्थी उचलून सभागृहात आणल्या आणि तिथल्या जमिनीखाली ठेवल्या.